गाडीचे नाक आणि माझे दोन हजार रुपये

मुलांना बिघडवण्यात आईवडिलांपेक्षा मावशीचा हात मोठा असतो, असे आमची आई नेहमी म्हणायची. मी ते हसण्यावारी नेत असे. पण नोव्हेंबर २०२२ मधल्या एका रात्री, कुंभकोणमच्या भर पावसात, पोटरीभर पाण्यात बंद पडलेल्या गाडीत बसले असताना मला आईचे ते वाक्य आठवले आणि पोटात गोळाच आला. माझ्या शेजारी ताईच्या ऐंशी वर्षांच्या सासूबाई धापा टाकत होत्या आणि ज्या वस्तूमुळे गाडी बंद पडली होती ती माझ्या पैशांतून आली होती.

माझी ताई लग्न होऊन कुंभकोणमला गेली तेव्हा मी शाळेत होते. "तमिळनाडूत मराठी स्थळ कसं काय?" असा प्रश्न पुण्यातल्या प्रत्येक नातेवाइकाने विचारला होता. वडील न कंटाळता सगळ्यांना इतिहास ऐकवत. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरला राज्य स्थापले. त्यांच्या मागोमाग कितीतरी मराठी कुटुंबे तिकडे गेली व तिथलीच झाली. १८५५ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केले, पण माणसे राहिली आणि त्यांची भाषाही राहिली. त्रावणकोर, इंदूर व बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे १८२८ मध्ये कुंभकोणमलाच एका मराठी घरात जन्मले. ताईच्या सासरी आजही घरात मराठी बोलतात. ती ऐकताना जुनी बखर वाचत असल्यासारखे वाटते, एवढेच.

या घरात एक गाडी आहे. छोटी, पेट्रोलवर चालणारी आणि त्या वेळी पंधरा वर्षांची. ताईच्या सासऱ्यांनी निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशांतून घेतलेली. ते गेल्यानंतरही दर शुक्रवारी सासूबाई त्या गाडीत बसून देवळात जायच्या. गाडी विकण्याचा विषय निघाला की त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. त्यामुळे तो विषय पुन्हा कोणी काढत नसे.

आता भाच्याबद्दल. तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. लहानपणी त्याने आजोबांचे घड्याळ उघडले, मग मिक्सर, मग पंखा. उघडलेल्यांपैकी निम्म्या वस्तू तो पुन्हा जोडतही असे. मला त्याचे फार कौतुक. मे महिन्यात मी आठ दिवस त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा त्याने मला गाडीपाशी नेऊन बॉनेट उघडले.

"मावशी, हे बघ. हा काळा डबा दिसतोय ना, यात एअर फिल्टर असतो. गाडी इथूनच श्वास घेते."

"गाडीला श्वास लागतो?"

"लागतो म्हणजे! एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरमागे नऊ-दहा हजार लिटर हवा."

मी थक्क झाले. पेट्रोल पंपावर पैसे मोजताना आपण फक्त पेट्रोलचा विचार करतो. त्याच्या हजारो पट हवा ती गाडी मुकाट्याने ओढून घेत असते, हे माझ्या कधी डोक्यातच आले नव्हते.

त्याचे म्हणणे सरळ होते. कारखान्यातून येणारा डबा, त्याची अरुंद नळी आणि आतला घड्या घातलेला कागदी फिल्टर यांमुळे इंजिनाचा श्वास कोंडतो. हे सारे काढून त्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवला की इंजिन मोकळा श्वास घेईल, पिकअप वाढेल आणि ॲव्हरेजही सुधारेल. फिल्टरची किंमत सव्वादोन हजार रुपये होती. भावोजींकडे मागायची सोय नव्हती. ते बँकेत आहेत आणि चहाच्या पुड्याचाही हिशेब लिहून ठेवतात.

तेवढ्यात सासूबाई कॉफीचे पितळी दवरा-टंबलर घेऊन आल्या. कुंभकोणमची डिग्री कॉफी प्रसिद्ध आहेच, पण त्यांच्या हातची काही निराळीच. आमचे बोलणे ऐकून त्या म्हणाल्या, "पोरा, कॉफीच्या फिल्टरची भोकं मोठी केली तर डिकॉक्शन लवकर उतरतं खरं, पण पेल्यात भुकटी येते. थेंब थेंब उतरतं म्हणून तर कॉफी होते."

आम्ही दोघेही हसलो. जुन्या माणसांचे बोलणे आपण असेच हसून सोडून देतो. निघायच्या दिवशी मी भाच्याच्या हातात दोन हजार रुपये ठेवले आणि म्हटले, "आईला सांगू नकोस." माझ्या चुकीची सुरुवात या तीन शब्दांपासून झाली.

मोकळा श्वास

जूनमध्ये फिल्टर बसला. भाच्याने फोनवर मला इंजिनाचा आवाज ऐकवला. गाडी घुरघुरत होती. "ऐकलंस? कसली ताकद आलीय!" तो म्हणाला.

या विषयातले थोडेफार मला पुढे कळले, तेही एका म्हाताऱ्या मेकॅनिककडून. ते इथेच सांगते. कारखान्यातला तो काळा डबा दिसायला ओबडधोबड असला तरी तो बिनकामाचा नसतो. हवेची नळी अशा जागी काढलेली असते की तिला बाहेरची हवा मिळावी, इंजिनाभोवतीची तापलेली नव्हे. आणि ती जागा पुरेशी उंचही असते. डब्याच्या आतली पोकळी आवाज गिळते. उघडा फिल्टर बसवला की हा आवाज मोकळा होतो आणि गाडी आहे त्यापेक्षा जोरात धावत असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तो फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढत असतो. हवा तापली की विरळ होते. पस्तीस अंशांची हवा पासष्ट अंशांवर गेली तर तेवढ्याच जागेत सुमारे नऊ टक्के कमी हवा मावते. म्हणजे इंजिनाचा श्वास मोकळा करायला जावे आणि त्याला कमीच हवा मिळावी, असा प्रकार.

ॲव्हरेजचे गणितही तसेच. साध्या पेट्रोल गाडीत आपण ॲक्सिलरेटर अर्धवट दाबतो तेव्हा हवेची वाट अडवणारी झडप आपणच अर्धवट बंद ठेवलेली असते. पुढे फिल्टर कितीही मोकळा असला तरी त्याचा उपयोग होणार कुठे? नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत तर येणाऱ्या हवेच्या हिशेबानेच पेट्रोल सोडले जाते. शर्यतीच्या गाडीला, पूर्ण वेगात, या बदलाचा थोडा फायदा होतो. घर ते देऊळ आणि देऊळ ते भाजीबाजार या प्रवासात तो होत नाही.

भाच्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. तो प्रामाणिकपणे वहीत नोंदी करत होता. टाकी पूर्ण भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा टाकी पूर्ण भरायची. दोन महिन्यांच्या नोंदी झाल्यावर त्याने मला फोन केला. आवाज पडलेला होता. "मावशी, पूर्वी सोळा देत होती. आताही सोळाच देतेय. कधी कधी साडेपंधरा."

भावोजींना तो आवाज सुरुवातीपासूनच खटकत होता. सप्टेंबरमध्ये ते म्हणाले, "प्रयोग झाला ना? आता जुना डबा परत बसव."

जुना डबा परत बसला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण तापलेल्या हवेचा दोष भाच्याच्याही लक्षात आला होता आणि त्याने त्यावर उपाय शोधला होता. नळकामाच्या दुकानातून तीन इंची पीव्हीसी पाइप आणि एक कोपर आणून त्याने फिल्टर इंजिनापासून दूर नेला. पुढच्या बंपरच्या मागे, खाली, जिथे गार वारा लागतो तिथे. फिल्टर लांब गेल्यामुळे गाडीत आवाजही कमी येऊ लागला. भावोजींना वाटले, पोराने ऐकले, डबा परत बसवला. भाच्यानेही त्यांचा तो समज तसाच राहू दिला.

त्याने मला फोटो पाठवला. खाली लिहिले होते, "अप्पांना सांगू नकोस." मी तो फोटो ऑफिसच्या गडबडीत पाहिला आणि हसरा चेहरा पाठवून दिला. मी पत्रकार आहे. प्रश्न विचारणे हाच माझा धंदा. पण गाडीचे नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर आणलेस, मग पावसाळ्यात काय करशील, एवढा साधा प्रश्न मला त्या दिवशी सुचला नाही.

ती रात्र

आपल्याकडे दिवाळीपर्यंत पाऊस संपलेला असतो. तिकडे खरा पाऊस तेव्हाच सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हे ईशान्य मोसमी पावसाचे महिने. कुंभकोणम तर कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध वसलेले, भोवती नुसती भातखाचरे. नोव्हेंबरमध्ये सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी मी गेले होते आणि पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. ११ नोव्हेंबरला शेजारच्या मयिलादुतुरै जिल्ह्यातल्या सिर्काळी गावात एका दिवसात चाळीस सेंटिमीटरहून अधिक पाऊस झाला. आमच्याकडे तेवढा नव्हता, तरी रस्त्यांचे ओढे झाले होते.

सासूबाईंना जुना दमा आहे. त्या ओल्या हवेत रात्री दहाच्या सुमारास त्यांचा श्वास अडकू लागला. घरात वाफेचे यंत्र होते, पण वीज गेलेली. पंप तोंडात मारून झाला, पाठ चोळून झाली. ओठ निळसर दिसायला लागले तसे भावोजी उठले. "गाडी काढतो," एवढेच म्हणाले.

पुढे भावोजी आणि भाचा, मागे मी, सासूबाई आणि ताई. दवाखाना तीन किलोमीटरांवर. अर्ध्या वाटेवर एका सखल जागी पाणी साचले होते. भावोजींनी गाडी थांबवून पाहिले. आमच्यासमोरून आमच्यासारखीच एक छोटी गाडी सावकाश पाण्यातून पलीकडे निघून गेली. ते म्हणाले, "ती गेली म्हणजे आपलीही जाईल." कोणत्याही शहाण्या माणसाने हाच विचार केला असता.

मी आरशात भाच्याचा चेहरा पाहिला. तो काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. मलाही त्याच क्षणी तो फोटो आठवला. आम्ही दोघेही गप्प राहिलो. आजींचा श्वास तसा चाललेला असताना "थांबा, आधी एक गोष्ट सांगायची आहे" असे म्हणायचे धाडस ना त्याला झाले, ना मला.

गाडी पाण्याच्या मध्यावर पोहोचली. इंजिनाने एक गचका दिला, आतून ठक् असा आवाज आला आणि सगळे शांत झाले. फक्त टपावर पाऊस वाजत होता आणि सासूबाईंच्या छातीतली शिट्टी ऐकू येत होती.

भावोजींचा हात किल्लीकडे गेला. तेव्हा भाचा ओरडला, "अप्पा, स्टार्ट करू नका! इंजिनात पाणी गेलंय. पुन्हा फिरवलं तर रॉड वाकतील." आणि मग रडत रडत त्याने सगळे सांगून टाकले. पाइप कुठे नेला, का नेला, सांगितले का नाही.

मागच्या सीटवरून मी म्हणाले, "भावोजी, मला माहीत होतं. पैसेही मीच दिले होते."

ते काहीच बोलले नाहीत. दार उघडून पाण्यात उतरले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करू लागले. त्या पावसात थांबणार कोण? दोन रिक्षावाले पाणी पाहून लांबूनच वळले. पंधरा मिनिटे गेली असतील, पण मला ती एका रात्रीएवढी वाटली. ताई सासूबाईंना सरळ बसवून सारखी म्हणत होती, "हळू श्वास घ्या, हळू." माझ्या हातात त्यांचा हात होता, थंडगार.

शेवटी एक ट्रॅक्टर आला. शेतातून परतत असावा, चाके चिखलाने भरलेली. चालकाने एका नजरेत सगळे ओळखले. दोर बांधला आणि ज्या पाण्यात आमची गाडी बुडली होती त्यातून आम्हाला गाडीसकट ओढत थेट दवाखान्याच्या दारापर्यंत नेले. सासूबाईंच्या अंगावर पावसाचा थेंबही पडला नाही. भावोजींनी पैसे पुढे केले तर तो "वेंडाम् सार" म्हणून निघूनही गेला. भाचा त्या ट्रॅक्टरकडे टक लावून पाहत होता. नंतर मला म्हणाला, "मावशी, त्याच्या हवेचा पाइप पाहिलास? बॉनेटच्याही वर, छातीएवढ्या उंचीवर. धूळ आणि पाणी दोन्हींपासून लांब. ज्याने तो बनवला त्याला सगळं माहीत होतं."

प्राणवायू आणि औषधाची वाफ मिळाल्यावर तासाभरात सासूबाईंच्या ओठांवर रंग आला. दोन रात्री तिथे काढून त्या घरी आल्या. आणखी उशीर झाला असता तर, या विचाराने माझी मात्र पुढे कित्येक रात्री झोप उडाली.

हिशेब

पाऊस ओसरल्यावर गाडी गॅरेजमध्ये गेली. म्हाताऱ्या मेकॅनिकने प्लग काढून इंजिन फिरवले तेव्हा आतून कारंज्यासारखे पाणी उडाले. त्याने भाच्याला जवळ बोलावून समजावले. हवा दाबली की आकसते, पाणी आकसत नाही. पिस्टन वर येतो, मध्ये पाणी अडते आणि सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर पडतो. आमचा एकच रॉड किंचित वाकला होता. गाडी हळू होती आणि किल्ली पुन्हा फिरवली नाही, म्हणून एवढ्यावर निभावले. बिल बेचाळीस हजार रुपये झाले.

विम्याचा प्रश्नच नव्हता. जुन्या गाडीला फक्त दुसऱ्यांच्या नुकसानीचा विमा होता. पण पूर्ण विमा असता तरी फारशी आशा नव्हती. इंजिनात पाणी जाऊन झालेले नुकसान बहुतेक साध्या पॉलिसीत बसत नाही, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. न कळवता केलेला बदल तर दावा नाकारायला आयते कारण ठरतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच. कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, असे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले.

बिलातला निम्मा वाटा मी दिला. भावोजी नको म्हणत होते, पण मी ऐकले नाही. त्या रात्रीपासून ते पोराला एक शब्द बोलले नव्हते. ताईला वाटत होते, एकदाचे ओरडून मोकळे व्हावे. गाडी घरी आली त्या संध्याकाळी त्यांनी त्याला समोर बसवले.

"तू पाइप खाली नेलास ही चूकच," ते म्हणाले, "पण ती शिकणाऱ्याची चूक आहे. मी ती केव्हाच माफ केली. मला न सांगितलंस, ते मोठं. गाडी मी चालवत होतो. मला माहीत असतं तर मी त्या पाण्यात तिला घातलीच नसती. दुसऱ्या वाटेने गेलो असतो, रिक्षा केली असती. पुढच्याची गाडी बघून मी ठरवलं, कारण मला वाटलं माझी गाडीही तशीच आहे."

भाचा मान खाली घालून बसला होता. भावोजींनी माझ्याकडे पाहिलेही नाही, पण त्यातला प्रत्येक शब्द मलाही होता. आपण मुलांना लाडाने काही देतो, एखादे गुपित त्यांच्यासोबत राखतो आणि त्यालाच प्रेम समजतो. प्रत्यक्षात आपण त्यांना घरापासून एक गोष्ट लपवायला शिकवत असतो. मी "आईला सांगू नकोस" म्हटले नसते तर चार महिन्यांनी त्याने "अप्पांना सांगू नकोस" म्हटले असते का? मला तरी तसे वाटत नाही.

ज्यांच्या घरी असा एखादा हौशी मुलगा किंवा मुलगी असेल, त्यांना माझे सांगणे आहे. त्यांच्या हातातला पाना काढून घेऊ नका. त्यातूनच उद्याचा चांगला इंजिनिअर घडतो. मात्र गाडी घरातले जे कोणी चालवतात त्या सर्वांना कोणता बदल केला हे माहीत असलेच पाहिजे, हा नियम करा. इंजिनाला मोकळा श्वास द्यायचाच असेल तर कागदी फिल्टर वेळच्या वेळी बदला. धुळीच्या रस्त्यांवर तो कंपनीने सांगितलेल्या मुदतीआधीही बदलावा लागतो. खर्च काहीशे रुपयांचा. साचलेल्या पाण्याची खोली कळत नसेल तर गाडी त्यात घालू नका. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत कितीतरी गाड्या पाण्यात सापडल्या आणि काहींना तर गाडीतच प्राण गमवावे लागले. पाण्यात गाडी बंद पडलीच तर किल्ली पुन्हा फिरवू नका. माणसे आधी बाहेर काढा आणि गाडी ओढून न्या.

भाच्याने जुना काळा डबा पोटमाळ्यावरून काढला, धुऊन पुसून स्वतः बसवला. या वेळी भावोजी शेजारी उभे राहून त्याला एकेक स्क्रू देत होते. सासूबाईंचे सहस्रचंद्रदर्शन पंधरा दिवसांनी झाले. ओवाळून झाल्यावर त्या देवळात जायला निघाल्या. गाडीपाशी येऊन थांबल्या, नातवाकडे पाहिले आणि विचारले, "नाक जागेवर आहे ना रे?"

"आहे, आजी."

तेव्हा कुठे त्या आत बसल्या. अजूनही दर शुक्रवारी त्या हा प्रश्न विचारतात, आणि उत्तर मिळाल्याशिवाय दार लावू देत नाहीत.